हिरवा मोर पिंजऱ्यात वाढतोय, पण वाचतोय का?

उंच, सडपातळ, टोकदार तुरा. मानेवर माशाच्या खवल्यांसारखी हिरवी-सोनेरी पिसं. डोळ्यांभोवती निळ्या आणि पिवळ्या कातडीचे पट्टे. आपल्या ओळखीच्या मोरापेक्षा जास्त उंच आणि लांब पायांचा हा पक्षी म्हणजे हिरवा मोर. त्याची लांडोरही जवळपास तितकीच रंगीत असते. लांब पिसारा नसताना नर आणि मादी ओळखणं जाणकारांनाही जड जातं.

हा पक्षी युरोप-अमेरिकेतल्या हौशी पक्षीपालकांकडे आहे, प्राणिसंग्रहालयांत आहे, आशियातल्या खासगी फार्मवर आहे. तिथे अंडी घालतो, पिल्लंही होतात. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ म्हणजे आययूसीएनच्या लाल यादीत तो २००९ पासून 'धोक्यात' या गटात आहे. जंगलात कमी होणारा पक्षी पिंजऱ्यात वाढत असेल तर तो सुरक्षित झाला, असं वाटणं साहजिक आहे. मात्र पिंजऱ्यातल्या अनेक 'हिरव्या' मोरांच्या अंगात निळ्या मोराचंही रक्त आहे. कुठल्या पक्ष्यात ते किती आहे, हे नुसतं बघून सांगता येत नाही. अडचण तिथूनच सुरू होते.

मोर नेमके किती प्रकारचे?

जगात मोराच्या तीनच प्रजाती आहेत.

पहिला आपला भारतीय किंवा निळा मोर. भारत, श्रीलंका आणि शेजारच्या देशांत तो आढळतो. लाल यादीनुसार त्याच्या अस्तित्वाला तूर्त धोका नाही.

दुसरा हिरवा मोर. शास्त्रीय नाव 'पावो म्युटिकस'. म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, चीनचा युनान प्रांत आणि इंडोनेशियातलं जावा बेट, हा आज त्याचा मुलूख. एकेकाळी तो ईशान्य भारत, बांगलादेश आणि मलेशियातही होता. मलेशियाच्या जंगलांतून तो नाहीसा झाला. जंगलातल्या प्रौढ हिरव्या मोरांची संख्या आता अंदाजे १० हजार ते २० हजारांच्या दरम्यान मानली जाते, तीही तुकड्यातुकड्यांत विखुरलेली.

तिसरा काँगोचा मोर. तो आफ्रिकेत राहतो आणि त्याला लांब पिसारा नसतो. त्याची गोष्ट पुढे येईलच.

हिरव्या मोरातही तीन उपप्रजाती मानल्या जातात: जावाची, इंडोचीनची आणि म्यानमारच्या पश्चिमेकडची. जावाचा मोर जास्त झळाळता हिरवा, तर पश्चिमेकडचा जरा फिका आणि निळसर. पिंजऱ्यातल्या पक्ष्यांमध्ये या उपप्रजातींचीही आपसात सरमिसळ झालेली आहे. पूर्वी व्यापाऱ्याने पक्षी विकताना तो कुठल्या जंगलातून आला हे लिहून ठेवण्याची फारशी पद्धत नव्हती. सुंदर दिसतोय ना, मग पुरे.

'स्पाल्डिंग' मोर म्हणजे काय?

निळा आणि हिरवा मोर निसर्गात सहसा एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, कारण त्यांचे मुलूख वेगळे आहेत. पिंजऱ्यात मात्र त्यांची जोडी जमते. होणारी पिल्लं वांझ नसतात, त्यांनाही पिल्लं होतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियातल्या श्रीमती कीथ स्पाल्डिंग यांनी हा संकर केला. तेव्हापासून अशा सगळ्या संकरित मोरांना 'स्पाल्डिंग' म्हणतात.

पक्षीपालकाच्या नजरेने पाहिलं तर स्पाल्डिंग हा सोयीचा पक्षी आहे. उंची आणि रंग हिरव्या मोराकडून, थंडी सोसण्याची ताकद आणि शांत स्वभाव निळ्या मोराकडून. त्यामुळे त्याला बाजारात मागणी आली. लोक तिथेच थांबले नाहीत. संकरित मोराची जोडी पुन्हा शुद्ध हिरव्या मोराशी लावली, त्यांच्या पिल्लांची पुन्हा हिरव्याशी. गणित साधं आहे. पहिल्या पिढीत हिरव्याचा वाटा ५० टक्के, दुसऱ्या पिढीत सरासरी ७५, तिसऱ्या पिढीत ८७.५ आणि चौथ्या पिढीत जवळपास ९४ टक्के.

चार पिढ्या म्हणजे फार काळ नाही. लांडोर साधारण दोन वर्षांची झाली की अंडी घालू लागते आणि मोराला तिसऱ्या वर्षी पूर्ण पिसारा येतो. दहा-बारा वर्षांत एखाद्या पालकाकडे असा पक्षी तयार होतो, जो खुद्द त्यालाही शुद्ध हिरवा वाटेल. पुढे तो विकला जातो, नव्या मालकाकडून आणखी कुणाकडे जातो आणि तिसऱ्या हातात पोचेपर्यंत 'स्पाल्डिंग' हा शब्द गळून पडलेला असतो. यात दरवेळी लबाडी असतेच असं नाही. बहुतेकदा फक्त वहीत नोंद नसते.

डीएनए चाचणीने सत्य कळतं का?

कळतं, पण कुठली चाचणी केली यावर ते अवलंबून आहे.

पेशीतला मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. ही चाचणी तुलनेने सोपी आणि स्वस्त. आता समजा, सुरुवातीची लांडोर शुद्ध हिरवी होती आणि नर निळा. त्यांच्या लेकीचा मायटोकाँड्रियल डीएनए आईसारखा, म्हणजे शंभर टक्के हिरवा. तिच्या लेकीचाही तसाच. बापाकडून आलेलं निळं रक्त या चाचणीत दिसतच नाही. त्यामुळे केवळ आईकडच्या डीएनएवरून 'शुद्ध' असं प्रमाणपत्र मिळालं तर ते अर्धवट समजावं. आई-वडील दोघांकडून येणारा, पेशीकेंद्रातला डीएनए अनेक ठिकाणी तपासला तरच संकर पकडला जातो, आणि संकर जितका जुना तितके जास्त ठिकाणचे नमुने बघावे लागतात.

चीनमध्ये पिंजऱ्यातल्या हिरव्या मोरांची अशी तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात संकरित पक्षी निघाले. म्हणूनच, जनुकीय तपासणी झाल्याशिवाय पिंजऱ्यातला हिरवा मोर संवर्धनाच्या कामी धरता येत नाही.

पांढरा मोर दुर्मिळ आहे का?

दुर्मिळ मोर म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर पांढरा मोर येतो. प्राणिसंग्रहालयात त्याच्यासमोर गर्दीही जास्त असते. पण पांढरा मोर ही वेगळी प्रजाती नाही. तो आपला निळा मोरच आहे. एका जनुकीय बदलामुळे त्याच्या पिसांत रंगद्रव्य तयार होत नाही. या प्रकाराला ल्युसिझम म्हणतात. तो अल्बिनो नसतो, कारण अल्बिनो पक्ष्याचे डोळे लालसर दिसतात आणि पांढऱ्या मोराचे तसे नसतात.

निळ्या मोरात असे बरेच प्रकार निवडून वाढवले गेले आहेत: कबरा, जांभळट, फिकट तपकिरी 'कॅमिओ', काळ्या खांद्याचा. यातल्या काळ्या खांद्याच्या मोराने एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनाही चकवलं होतं. त्याला स्वतंत्र प्रजाती मानून वेगळं नाव दिलं गेलं. चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की साध्या मोरांच्या कळपात हे पक्षी अचानक जन्मतात आणि म्हणून ते निळ्या मोराचंच रूप असावेत.

हे रंग बाजारात महाग असतील, दिसायला मोहक असतील, पण संवर्धनाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. उलट, एखादा रंग टिकवण्यासाठी पालक जवळच्या नात्यातल्या पक्ष्यांची जोडी लावत राहतो. निसर्गात असा पांढराशुभ्र पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत सहज भरेल, ते वेगळंच.

भारतात मोर पाळता येतो का?

नाही. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. या कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ फक्त मारणं असा नाही. पकडणं, अंड्यांना किंवा घरट्याला हात लावणं हेही त्यात येतं. शिक्षा तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आणि दंड. शेतात सापडलेली अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून पिल्लं काढण्याचा उद्योगही यात बसतो, हे अनेकांना माहीत नसतं. पांढरा मोर याच प्रजातीचा असल्यामुळे त्यालाही हाच नियम. मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयांची गोष्ट वेगळी.

पुणे जिल्ह्यातल्या मोराची चिंचोली गावात मोर दिसतात ते मोकळे. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातलं नायगाव अभयारण्य तर मोरांसाठीच ओळखलं जातं. निळ्या मोरासाठी आपल्याला पिंजऱ्याची गरजच नाही.

हिरव्या मोराचा व्यापार 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात नेताना परवाना लागतो. २०२२ मध्ये भारताचा वन्यजीव कायदा दुरुस्त झाला, तेव्हा साइटीसच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणीही त्यात आली.

पिंजऱ्यात सांभाळणं इतकं अवघड का?

सगळ्यात मोठा शत्रू कोंबडी आहे. म्हणजे तिच्या पोटातला जंत.

'ब्लॅकहेड' नावाचा आजार एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. हा परजीवी कोंबडीच्या आतड्यातल्या बारीक जंताच्या अंड्यात लपून राहतो. कोंबडीला सहसा फारसं काही होत नाही. तिच्या विष्ठेतून ती अंडी मातीत पडतात, तिथे दीर्घकाळ टिकतात, गांडुळांच्या पोटातही जातात. मोराने ते गांडूळ खाल्लं की परजीवी त्याच्या आतड्यात आणि यकृतात पोचतो. विष्ठा गंधकासारखी पिवळी होते, पक्षी मलूल होतो आणि बऱ्याचदा दगावतो. त्यावरच्या काही जुन्या प्रभावी औषधांवर अनेक देशांत बंदी आली आहे, कारण ती खाण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या कोंबड्यांना आणि टर्कींना दिली जात होती. त्यामुळे जिथे पूर्वी कोंबड्या होत्या त्या जमिनीवर मोर ठेवायचाच नाही, नियमित जंतनाशक द्यायचं आणि पिंजऱ्याची जमीन कोरडी ठेवायची, हेच खरे उपाय.

दुसरी अडचण स्वभावाची. हिरवा नर विणीच्या काळात आक्रमक होतो. पायामागचा काटा तो शस्त्रासारखा वापरतो, दुसऱ्या नरावर आणि कधी कधी रोज दाणे टाकणाऱ्या माणसावरही. दोन नर एकाच पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत. म्हणजे जितके नर जपायचे तितके मोठे पिंजरे हवेत. पिसारा न घासता वळता येईल इतकी रुंदी आणि उंचावर बसायला जागा हवी. शिवाय हा उष्ण प्रदेशातला पक्षी. युरोपच्या हिवाळ्यात त्याला ऊब मिळाली नाही तर पायाची बोटं गारठून झडतात. स्पाल्डिंग लोकप्रिय होण्यामागे हे सगळं आहे.

तिसरी गोष्ट पिल्लांची. अंडी साधारण २८ दिवसांत फुटतात. अंडी उचलून इन्क्युबेटरमध्ये ठेवली की लांडोर पुन्हा अंडी घालते, त्यामुळे संख्या पटकन वाढते. पण लांडोर पिल्लांना चोचीतून खाणं दाखवते, कशाला भ्यायचं हे शिकवते. इन्क्युबेटर ते करत नाही. माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू माणसालाच आपल्या जातीचं समजू लागतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण व्हिएन्नाच्या शॉनब्रुन प्राणिसंग्रहालयातलं आहे. पुढे नोबेल मिळवणारे प्राणिवर्तन-शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी ते लिहून ठेवलंय. थंडीत भावंडं मेली आणि एकटं उरलेलं मोराचं पिल्लू वाचवण्यासाठी तिथल्या सर्वांत उबदार खोलीत ठेवलं गेलं. ती खोली महाकाय कासवांची होती. मोठा झाल्यावर हा मोर आयुष्यभर कासवांसमोरच पिसारा फुलवत राहिला. लांडोरींकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. वाचताना हसू येतं, पण अशा पक्ष्याचा वंश त्याच्याबरोबरच संपतो.

टोपीतलं पीस आणि अँटवर्पची वही

नोंद ठेवल्याने काय होतं, हे काँगोच्या मोराकडे बघितलं की कळतं.

१९१३ मध्ये अमेरिकन पक्षीतज्ज्ञ जेम्स चेपिन काँगोच्या इटुरी जंगलात होते. तिथे एका स्थानिक माणसाच्या टोपीत त्यांना एक अनोळखी पीस दिसलं. ते कुठल्याच माहीत असलेल्या पक्ष्याशी जुळेना. त्यांनी ते जपून ठेवलं. तब्बल २३ वर्षांनी, १९३६ मध्ये, बेल्जियममधल्या तेर्व्युरेनच्या संग्रहालयात त्यांना धूळ खात पडलेले दोन पेंढा भरलेले पक्षी दिसले. त्यांच्यावर चिठ्ठी होती भारतीय मोराच्या पिल्लांची. पीस मात्र जुळत होतं. आफ्रिकेत मोर आहे, हे जगाला असं कळलं. पुढच्याच वर्षी चेपिन पुन्हा काँगोत गेले आणि त्यांना हा पक्षी मिळाला.

काँगोचा मोर जोडीने राहतो. नर गडद निळा, डोक्यावर पांढऱ्या ताठ केसांसारखा तुरा. मादी तांबूस तपकिरी आणि पाठीवर हिरवी. १९४९ मध्ये पहिले जिवंत पक्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात आले. पुढे बेल्जियमचं अँटवर्प प्राणिसंग्रहालय या पक्ष्याचं माहेरघर बनलं आणि त्याचं आंतरराष्ट्रीय स्टडबुकही तिथेच ठेवलं जातं.

स्टडबुक म्हणजे वंशावळीची वही. प्रत्येक पक्ष्याला क्रमांक, आई-वडील कोण, जन्म कुठे, कुठल्या संग्रहालयात गेला, कधी मेला. आपल्याकडे तीर्थक्षेत्रीचे उपाध्ये घराण्यांच्या पिढ्या वहीत लिहून ठेवतात, साधारण तसंच.

ही वही हाताशी असली की जोडी लावण्याचा विचारच बदलतो. हौशी पालक सर्वांत देखणा नर निवडतो आणि त्याच्यापासून जास्तीत जास्त पिल्लं काढतो. स्टडबुक सांभाळणारा उलट करतो. ज्या पक्ष्याचे नातेवाईक सगळ्यांत कमी आहेत त्याला तो आधी संधी देतो, मग तो पक्षी दिसायला कसाही असो. कारण त्याच्या अंगातली जनुकं दुसऱ्या कुणाकडे नसण्याची शक्यता जास्त.

हा फरक आकड्यांतही दिसतो. एका पिंजऱ्यात एक मोर आणि चार लांडोरी असतील, तर मोजायला पाच पक्षी आहेत. जनुकीय हिशेबाने मात्र ते तीनच्या जरा वर, ३.२ इतकेच भरतात, कारण सगळ्या पिल्लांचा बाप एकच. असाच कळप बाहेरच्या रक्ताशिवाय चालवला तर दर पिढीला अंदाजे १६ टक्के जनुकीय विविधता गळते. पाच पिढ्यांत निम्म्याहून जास्त गेलेली असते. पिंजरे भरलेले दिसतात, पक्षी तुकतुकीत दिसतात, आणि अंडी न फळण्याचं प्रमाण हळूहळू वाढत जातं.

अँटवर्पच्या पक्ष्यांनाही हा धोका आहेच. संग्रहालयांतले काँगोचे मोर मूळच्या मोजक्याच पक्ष्यांचे वंशज आहेत. फरक एवढाच, की कोण कुणाचा कोण, हे तिथे माहीत आहे.

मग पिंजऱ्यातले हिरवे मोर जंगलात सोडता येतील का?

शुद्धता तपासलेले, योग्य उपप्रजातीचे, आई-बापांनी वाढवलेले आणि ब्लॅकहेडसारख्या आजारांपासून मुक्त असतील तर सोडता येतात. एकही अट राहिली तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. संकरित पक्षी जंगली कळपात मिसळला तर निळ्या मोराची जनुकं तिथे पोचतात आणि ती पुन्हा वेगळी काढता येत नाहीत. पिंजऱ्यात झालेली चूक पिंजऱ्यापुरती राहते, जंगलात तसं होत नाही.

शिवाय सोडायला जागा हवी. हिरव्या मोराला नदीकाठ लागतो: वाळूचे मोकळे पट्टे, जवळ झाडी आणि पाणी. धरणांना आणि शेतीलाही नेमकी तीच जागा हवी असते. चीनमधल्या जंगली हिरव्या मोरांची संख्या २०१७ च्या सुमारास ५०० पेक्षाही कमी असल्याचं समोर आलं. त्याच वर्षी 'फ्रेंड्स ऑफ नेचर' ही पर्यावरण संस्था युनानमधल्या जियासा नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाविरोधात न्यायालयात गेली, कारण धरणाच्या पाण्याखाली या मोरांचा अधिवास जाणार होता. मार्च २०२० मध्ये कुनमिंगच्या न्यायालयाने काम थांबवण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षअखेरीस वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. तोवर बांधकाम बरंच पुढे गेलं होतं.

तो नदीकाठ बुडाला असता तर पिंजऱ्यांतल्या पक्ष्यांनी त्याची भरपाई झाली नसती, कारण त्यातले शुद्ध किती हे आधी शोधावं लागलं असतं. सध्या संग्रहालयं आणि पक्षीपालक यांच्यासमोर तेच काम आहे: पिसं आणि रक्ताचे नमुने घ्यायचे, संकरित निघालेले पक्षी विणीतून बाजूला काढायचे आणि उरलेल्यांची वही पहिल्या पानापासून लिहायला घ्यायची. ज्याने वर्षानुवर्षं 'शुद्ध हिरवा' म्हणून एखादा नर जपलाय, त्याला हा नमुना द्यायला राजी करणं हा त्यातला सर्वांत अवघड भाग.